गुण सात, दोष सात

भावाशी दोन शब्द बरे बोलायला माणसाला किती वेळ लागावा? थोरल्यांना पाच वर्षं आणि सव्वीस दिवस लागले. पाच वर्षं त्यांच्या स्वभावाची आणि सव्वीस दिवस कार्यालयीन परवानगीचे. एवढं करूनही ते दोन शब्द नेमके पोचायचे तिथे पोचले नाहीत ते नाहीतच, पण ते पुढे येईल.

थोरले वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा काटा खरा की खोटा हे पाहायचं, शिक्का मारायचा, अहवाल लिहायचा. तीस वर्षं हे काम केलं की माणसाला एक खोड लागते. समोर आलेली कुठलीही गोष्ट तो एका पारड्यात टाकतो आणि दुसऱ्या पारड्यात टाकायला काही मिळतंय का ते शोधत बसतो. बायकोने एखादा पदार्थ मनापासून केला तर थोरले म्हणायचे, "चांगला झालाय, पण वाटी जरा ओली होती." त्यांच्या तोंडून निव्वळ कौतुक कुणी कधी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावरही ते "एकंदरीत" म्हणाले होते, आणि बायको तो शब्द अजून विसरलेली नाही.

त्यांचा धाकटा भाऊ सिनेमांसाठी प्रतिकृती करायचा. टेबलाएवढा पूल, हातभर आगगाडी, खोक्यात मावेल एवढं शहर. पडद्यावर ते सगळं खरं दिसतं. पाच वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात कुणीतरी विचारलं, "तुमचा धाकटा हल्ली काय करतो?" थोरले शंभर माणसांत म्हणाले, "खेळणी करतो. अजून." धाकटा मागेच उभा होता. 'खेळणी' त्याने कदाचित गिळलंही असतं, पण ते 'अजून' त्याला लागलं. हातातलं ताट तसंच टेबलावर ठेवून तो निघून गेला, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. चूक आपली आहे हे थोरल्यांना त्याच दिवशी, जिना उतरताना कळलं होतं. पण कळणं तळमजल्यावर आणि वळणं पाचव्या मजल्यावर, आणि आमच्या थोरल्यांची लिफ्ट बंद आहे, असं समजा.

तर मधल्या काळात धाकट्याने 'परग्रहाची वाट' नावाच्या एका विज्ञानपटासाठी अंतराळजहाज केलं. सिनेमा चालला. थोरल्यांनी तो मुद्दाम पाहिला नाही. मग त्याचा दुसरा भाग आला, 'परग्रहाची वाट : भाग दुसरा', आणि बायकोने तिकिटं काढून त्यांच्यासमोर ठेवली. "मला एकटीला जायचं नाही," ती म्हणाली, "आणि तुम्हाला काही सिनेमा बघायला नेत नाहीये, मला सोबत म्हणून नेतेय." ताकाला जाऊन भांडं लपवायची सोय करून दिली की थोरले कुठेही जातात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पडद्यावर जहाज आलं. त्याचं नाव 'कासव'. जुनाट, मालवाहू, पोचे पडलेलं. थोरल्यांनी चष्मा पुसला. परत पुसला. मग म्हणाले, "इथला एसी फार आहे, डोळ्यांना पाणी येतंय." बायकोने पर्समधून रुमाल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

घरी आल्यावर थोरल्यांनी जाहीर केलं की ते या सिनेमाचं परीक्षण लिहिणार आणि ते गावच्या साप्ताहिकात छापून आणणार. साप्ताहिकाचे संपादक सकाळी फिरायला जाताना त्यांना भेटायचे आणि "लिहा हो काहीतरी" असं सगळ्यांनाच म्हणायचे. ते कुणी मनावर घेईल अशी त्यांना कल्पना नव्हती.

"परीक्षण कशाला?" बायको म्हणाली. "फोन लावा आणि सांगा, सिनेमा पाहिला, जहाज आवडलं. चार शब्द आहेत."

"फोनवर सांगितलं तर ते आमच्या दोघांत राहील. अपमान चारचौघांत झाला, तर भरपाईही चारचौघांत व्हायला पाहिजे. न्याय म्हणून काही आहे की नाही?"

"म्हणजे फोन करायची लाज वाटते."

"तसं म्हण हवं तर," थोरले म्हणाले आणि कागदावर समास आखायला बसले.

आता दुसऱ्या भागाचं परीक्षण करायचं तर पहिल्या भागात काय झालं ते माहीत पाहिजे. इथे पहिलं घोडं अडलं. पहिला भाग आता कुठे लागलेला नव्हता. मग थोरल्यांनी इमारतीत चौकशी केली, आणि इमारतीत चौकशी करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. संध्याकाळपर्यंत त्यांच्या बाहेरच्या खोलीत खालच्या मजल्यावरचा प्लंबर आणि शेजारच्या विमावाल्या वहिनी असे दोन जाणकार येऊन बसले होते.

"पहिल्या भागात कप्तान मरतो," प्लंबर म्हणाला. "दार आतून लागत नाही म्हणून हा बाहेर राहून ते लावतो आणि आतल्यांना वाचवतो. वॉशर खराब होता, दुसरं काही नाही. मी थेटरातच ओरडलो होतो."

"मेला ना? मग दुसऱ्या भागात हा आलाच कसा?" वहिनींनी थेट थोरल्यांनाच जाब विचारला. "बर्फात चाळीस वर्षं झोपला म्हणे. अहो, मृत्यूचा दाखला निघालाय त्याचा! आधी हा जिवंत असल्याचा दाखला आणायला पाहिजे, त्याशिवाय त्याला जहाजात घेतलंच कसं? आमच्याकडे असा माणूस आला तर मी त्याला खुर्चीसुद्धा देणार नाही."

"आणि ती कप्तानाची मुलगी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "ती बावन्न वर्षांची झाली आणि बाप अडतिसाचाच राहिला. तिने त्याला काय म्हणायचं? अहो बाबा की अरे बाबा?"

यावर पाऊण तास चर्चा झाली. वहिनींचं म्हणणं, नातं मोठं, त्यामुळे 'अहो'च. प्लंबरचं म्हणणं, चौदा वर्षांनी लहान माणसाला तो स्वतः तरी 'अहो' म्हणणार नाही, मग तो बाप का असेना. शेवटी दोघांत असं ठरलं की सिनेमातल्या मुलीने काहीच न म्हणता बापाच्या बुटाची नाडी बांधून दिली तेच बरोबर. थोरल्यांनी हे लिहून घेतलं. खरं सांगायचं तर त्यांच्या परीक्षणातला हा पहिला गुण, आणि तो त्यांना एकट्याला सुचला नसता.

पहिला मसुदा तीन दिवसांत झाला. गुण सात, दोष दोन. दोष असे की मेलेला कप्तान परत येतो त्याला धड कारण नाही, आणि मध्यंतरानंतर ग्रहमंडळाच्या सभेत सिनेमा इतका रेंगाळतो की सभासदांबरोबर प्रेक्षकही झोपतात. गुणांत बुटाची नाडी होती, अंतराळात स्फोटाचा आवाज न होणं होतं, खलनायक नसूनही भीती वाटणं होतं, आणखी तीन होते. आणि सातवा गुण असा होता:

'कासव हे जहाज. या चित्रपटात खरी वाटणारी वस्तू एकच, ती म्हणजे हे जहाज. त्याच्या पत्र्याला वेगळ्या रंगाचं ठिगळ आहे, धुराड्याशी काजळी आहे, दाराची कड हात लागून लागून गुळगुळीत झाली आहे. ज्याने हे केलं त्याला त्यात माणसं राहिलेली दिसली असली पाहिजेत. प्रस्तुत परीक्षक त्याला ओळखतो. त्याच्या कामाविषयी परीक्षक पूर्वी चारचौघांत जे बोलला ते चुकीचं होतं.'

बायकोने वाचलं. मग म्हणाली, "एवढं सातवंच कापून पाकिटात घाला आणि त्याला पाठवा." हा या गोष्टीतला सर्वांत शहाणा सल्ला होता, म्हणून अर्थातच तो कुणी ऐकला नाही.

कारण मध्ये खातं होतं. कर्मचाऱ्याने वर्तमानपत्रात काही लिहायचं तर वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते, असा नियम होता. तो गेल्या वीस वर्षांत कुणी पाळला नव्हता. पण नियम म्हटला की थोरल्यांचा हात आपोआप पेनाकडे जातो. त्यांनी तीन प्रतींत अर्ज केला, मसुदा जोडला, आणि आगीतून निघून फुफाट्यात जाऊन उभे राहिले.

हेडक्लार्क बाईंनी अर्ज पाहिला. "विषयाच्या रकान्यात काय लिहू? इथे शैक्षणिक, आरोग्यविषयक आणि शेतीविषयक एवढंच आहे. सिनेमा नाही."

"इतर?"

"'इतर' मागच्या साहेबांनी बंद केलं. त्यात सगळेच यायला लागले होते." बाईंनी मसुदा चाळला. "यात ग्रह आहेत, जहाज आहे, म्हणजे तांत्रिक झालं. मी तांत्रिक शाखेकडे अभिप्रायासाठी पाठवते."

तांत्रिक शाखेत खात्याचे सर्वांत विद्वान अधिकारी बसायचे. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे तराजू आणि पेट्रोलचे पंप यांपलीकडे काही आलं नव्हतं. समोर अंतराळजहाज आलेलं पाहून त्यांना गहिवरून आलं. त्यांनी नऊ दिवस कागद स्वतःजवळ ठेवले, स्वखर्चाने दोनदा सिनेमा पाहिला आणि चार पानांचा अभिप्राय दिला. त्याचा मथितार्थ असा: 'चित्रपटात जहाजाचे वजन चाळीस हजार टन असल्याचे कप्तान सांगतो. तथापि अवकाशात वजन नसते. सदर टन कोणत्या काट्यावर मोजले याचा उल्लेख नाही. ही बाब आपल्या खात्याच्या अखत्यारीत असून ती दोषांत समाविष्ट करावी.' खाली त्यांनी आणखी तीन दोष स्वतःच्या अक्षरात लिहून दिले होते. एक तर फारच मार्मिक होता. परग्रहावरच्या बाजारात धान्य मोजताना दाखवलंय आणि मापावर शिक्का नाही.

थोरल्यांचे दोष सहा झाले. खात्याने आपल्या लेखनात एवढा रस घ्यावा याने ते आतून सुखावलेही होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग फाईल साहेबांपुढे गेली. साहेब मवाळ माणूस. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. त्यांना आता कुठल्याही कागदावर नुसती सही करायचीसुद्धा भीती वाटायची.

"हे ग्रहमंडळ म्हणजे कोण?" साहेबांनी विचारलं. "झोपा काढतं म्हणता. सरकारवर टीका नाही ना ही?"

"नाही साहेब. ते दुसऱ्या ग्रहाचं सरकार आहे."

"आज दुसऱ्या ग्रहाचं म्हणाल, उद्या कुणीतरी आपल्याशी जोडेल. 'झोपतात' काढा. 'चिंतन करतात' लिहा." साहेबांनी पान उलटलं आणि त्यांची भुवई वर गेली. "परीक्षक त्याला ओळखतो म्हणजे? कोण आहे हा?"

थोरले खोटं बोलले असते तर इथेच सुटले असते. "माझा सख्खा धाकटा भाऊ, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नातलगाच्या दुकानाची तपासणी निरीक्षकाने करू नये, हा खात्यातला सर्वांत जुना नियम. करावीच लागली तर काय, याचीही एक पद्धत होती. नातलगाच्या काट्याला निर्दोष ठरवायचं नाही. काहीतरी, रंग उडाला आहे असंसुद्धा चालेल, पण एक उणीव लिहायचीच, म्हणजे मागून कुणी बोट दाखवत नाही. साहेबांनी लाल शाईने समासात लिहिलं: 'नातलगाच्या कामात किमान एक दोष नमूद करावा. गुण व दोष समसमान असावेत. या अटींवर परवानगी.'

म्हणजे सातवा दोष हवा, आणि तो कासवात हवा. थोरले घरी येऊन डोकं धरून बसले. त्या जहाजात त्यांना दोष दिसला नव्हता. दिसणार कसा? जहाज पडद्यावर होतं तेवढा वेळ त्यांचे डोळे भरलेले होते. ते परत सिनेमाला गेले. परत तेच. आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्यात गुंजभर फरक पकडणारा माणूस त्या अंधारात नाक ओढत बसला होता, आणि पुढच्या रांगेतली बाई वळून वळून पाहत होती.

शेवटी जिन्यात प्लंबर भेटला. थोरल्यांनी लाज सोडून विचारलं, "तुम्हाला त्या जहाजात काही खोट दिसली का हो?"

"दिसली म्हणजे? पहिल्या दिवशीच दिसली!" प्लंबर दोन पायऱ्या खाली आला. "माल उतरवायची फळी खाली येते ना, तिची डावीकडची बिजागरी बघा. तिथला एक स्क्रू साध्या कपाटाचा आहे. मी रोज शंभर बसवतो, मला नाही का कळणार? बाकी सगळीकडे कसे छान सपाट डोक्याचे बसवलेत, आणि तिथे एकच फुगीर. संपले असतील त्याचे."

थोरल्यांनी जिन्यातच कठड्यावर कागद ठेवून लिहून घेतलं: 'दोष सातवा. कासव जहाजाच्या माल उतरवण्याच्या फळीची डावी बिजागरी. तीत एक स्क्रू घरगुती कपाटाचा असून तो नजरेत भरतो. एवढ्या मोठ्या जहाजाला हे शोभत नाही.' शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं. अहवालाला वजन यायला असं एक वाक्य लागतं.

आता क्रम. अहवालात आधी दोष येतात आणि निष्कर्ष शेवटी, ही तीस वर्षांची सवय. शिवाय शेवट गोड तर सारं गोड. थोरल्यांनी सातही दोष आधी घातले, मग गुण, आणि सर्वांत शेवटी सातवा गुण, म्हणजे वाचणारा तेवढंच मनात घेऊन उठेल. सव्विसाव्या दिवशी तिन्ही प्रतींवर शिक्के पडले. एक प्रत संपादकांसाठी होती, आणि ती टपालाने पोचेपर्यंत थोरल्यांना धीर निघाला नाही म्हणून ते स्वतः छापखान्यात जाऊन देऊन आले.

साप्ताहिकात पानं लावणारी एक बाई होती. तिच्या धंद्याचा एकच नियम, आणि तो जगभर हाच आहे: जागा कमी पडली की खालून कापायचं. बातमीतलं महत्त्वाचं वर असतं, खाली उरतो तो पाचोळा. तिच्यापुढे थोरल्यांचं परीक्षण आलं, आणि पाठोपाठ सिनेमागृहाची जाहिरात आली. तिने पट्टी लावली, खालून कापलं, आणि जाहिरात बसवली. तिची काहीही चूक नाही.

शनिवारी अंक आला. 'एका विज्ञानपटाचे दोष' असा मथळा होता. दोष एकापासून सातपर्यंत, ठळक अक्षरात. सातव्या दोषातल्या 'हे शोभत नाही' या शब्दांवर परीक्षण संपत होतं. त्याखाली थोरल्यांचं पूर्ण नाव आणि हुद्दा. आणि त्याखाली, कापलेल्या सात गुणांच्या जागी, त्याच सिनेमाची जाहिरात: 'पाचवा आठवडा! सहकुटुंब पाहा!'

थोरले चपला न घालता संपादकांकडे धावले.

"अहो, पण समतोल साधलाय की!" संपादक खरंच समजावून सांगत होते. "दोष तुमच्याकडून, गुण त्यांच्याकडून. जाहिरातीत सगळे गुणच आहेत, बघा ना."

"माझा सातवा गुण! तो एक तरी ठेवायचा होता!"

"सातवा म्हणजे सगळ्यांत खालचा ना? मग एवढा महत्त्वाचा होता तर वर नाही का घ्यायचा?" पुढच्या अंकात खुलासा छापू, असं ते म्हणाले, पण त्यासाठी नवा मजकूर द्यावा लागणार होता, आणि नवा मजकूर म्हणजे नवी परवानगी.

इमारतीत हाहाकार. विमावाल्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "सख्ख्या भावाबद्दल असं लिहितं का कुणी? वैऱ्यानेही लिहिलं नसतं हो." प्लंबर मात्र अंक हातात नाचवत वर आला होता. "माझा स्क्रू आला!" तो प्रत्येक मजल्यावर सांगत होता. थोरले बायकोशीही बोलेनात. पाच वर्षांपूर्वी शंभर माणसांपुढे बोललो होतो, ते बारा-पंधरा जणांच्या लक्षात राहिलं असेल. आता छापून आलं, तेही हुद्द्यासकट. करायला गेलो काय आणि होऊन बसलं काय, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

सोमवारी दुपारी फोन वाजला.

"दादा," पलीकडून धाकटा म्हणाला. पाच वर्षांत पहिल्यांदा. "वाचलं मी. येतोस का जरा कारखान्यात?"

आवाजावरून काही कळेना. थोरले उठले, कपडे केले, आणि कपाटातून परवानगीची फाईल काढली.

"फाईल कशाला?" बायको म्हणाली. "नुसते जा. तो काय बोलतो ते ऐका आणि या. मी हात जोडते, नुसते जा."

"पुरावा नको?" थोरले म्हणाले.

धाकट्याचा कारखाना म्हणजे गॅरेजच्या मागची एक लांबट शेड. आत पत्रा कापल्याचा आणि रंगाचा वास. मधल्या टेबलावर कासव होतं, खरंखुरं, चार हात लांब. थोरले दारातच थबकले. धाकट्याचे केस पिकले होते. हे कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

"ये ना," तो म्हणाला. त्याने स्टूल पुढे केलं, फडक्याने पुसलं. थर्मासमधून चहा ओतला. थोरल्यांनी पाहिलं तर टेबलामागच्या भिंतीवर त्यांचं परीक्षण कापून लावलेलं. सातव्या दोषाखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली.

"हे बघ," धाकट्याने दिवा खाली ओढला आणि फळीची डावी बिजागरी दाखवली. फुगीर डोक्याचा एक स्क्रू. "सपाट संपले होते. उद्या बदलू म्हणून घातला आणि राहून गेला. दोन्ही सिनेमे झाले, शेकडो लोकांनी छान छान म्हटलं, बक्षीस दिलं. एकालाही हा दिसला नाही. मी प्रत्येक वेळी सिनेमा बघताना फक्त हाच बघतो." त्याने स्क्रूवर बोट टेकवलं. "म्हटलं, आपलं काम इतकं बारकाईने बघणारं कुणी नसतंच. आणि मग तू लिहिलेलं वाचलं. तुझी ती सवय, दादा. दुकानात उभा राहून काट्याकडे कसा बघायचास. माझ्या कामाकडे तू तसं बघितलंस. खेळण्याकडे असं कुणी बघत नाही."

त्याचे डोळे भरले होते. तो ते लपवतही नव्हता.

इथे थोरले नुसते गप्प बसले असते, चहाचा एक घोट घेतला असता, तर सगळं मिटलं असतं. पाच वर्षांचं मळभ एका चुकीच्या स्क्रूवर निघून गेलं असतं. पण आपल्याला न दिसलेला दोष आपल्या नावावर जमा होतोय हे थोरल्यांना सहन होईना. खोटा शिक्का तो खोटाच. शिवाय खरं कौतुक बगलेत होतं, सव्वीस दिवसांचं, ते तसंच परत न्यायचं?

"तो मी नाही पाहिला," थोरले म्हणाले. "तो आमच्या खालच्या प्लंबरने पाहिला. मला दोष दिसलाच नव्हता. साहेबांनी अट घातली, नातलगाच्या कामात एक तरी दोष लिहा म्हणून. हे बघ, इथे लाल शाईत आहे." आणि त्यांनी फाईल उघडली. "खरं जे लिहिलं ते हे. हे छापलंच नाही त्यांनी. वाच."

धाकट्याने फाईल घेतली. अर्ज वाचला. तांत्रिक शाखेचा अभिप्राय चाळला. लाल शाई वाचली, दोनदा. मग सातवा गुण वाचला, आणि तो वाचायला त्याला फार वेळ लागला. थोरले त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"चांगलं लिहिलंयस," शेवटी तो म्हणाला. "यातलं किती साहेबांनी सांगितलं?"

"काहीच नाही. सगळं माझं आहे."

"त्यावरही शिक्का आहे, म्हणून विचारलं."

"शिक्का सगळ्यावरच असतो रे."

"हो, असणारच." धाकट्याने पानाच्या कडेवरून बोट फिरवलं, रंगाने काळं झालेलं. मग हळू आवाजात, लहानपणी पतंग मागायचा तसा, म्हणाला, "दादा, हे एवढं एक पान मी ठेवू का माझ्याकडे?"

"नाही रे, ती कार्यालयीन प्रत आहे," थोरले म्हणाले. "नक्कल हवी असेल तर अर्ज करावा लागतो."

हे त्यांनी म्हटलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून निघालं होतं. तीस वर्षं दिवसातून दहादा निघत आलेलं वाक्य, विचार न करता, हात पुढे करून.

धाकट्याने फाईल मिटली, नाडी बांधली आणि त्या पुढे केलेल्या हातात दिली.

"करतो अर्ज," तो म्हणाला. त्याने डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि पत्रा घासायचं मशीन सुरू केलं.

"अरे, ठेव, ठेव तू ते," थोरले म्हणत होते, परत परत म्हणत होते, पण त्या आवाजात ते त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं.